पाय ओल्या वाळूत, नजर लांबवर

मे महिन्यातली पावणेसहाची वेळ. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ओहोटी पार खाली गेलेली असते. सूर्य अजून मागच्या डोंगराआड असतो, पण उजेड पुरेसा झालेला असतो. ओल्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या काढलेल्या असतात. खाडीच्या तोंडाशी एक काळा समुद्रबगळा उथळ पाण्यात पाय हलवून मासे उठवत असतो. सुरूच्या बनातून निघालेली कोल्ह्याच्या पावलांची सरळ रांग पाण्यापर्यंत जाऊन परत फिरलेली दिसते.

अशा वेळी किनाऱ्यावर हमखास दिसणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. पासष्टीचे आजोबा, त्यांची सून आणि नऊ वर्षांचा नातू. पुण्याहून सुट्टीला आलेले. आजोबांना रक्तदाब आणि मधुमेह, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले. नातवाच्या गळ्यात नवी दुर्बीण. नातू पळत पळत वरच्या कोरड्या वाळूकडे जातो, मर्यादवेल ओलांडतो आणि एकदम डोक्यावर कलकलाट सुरू होतो. टिटवीची जोडी त्याच्या डोक्यावरून झेप घेत ओरडत राहते.

“आबा, ही माझ्यावर का ओरडतेय?”

“अंडी असतील रे तिची जवळपास. बघू या का?”

मग तिघेही अंडी शोधू लागतात. दहा मिनिटांत ती सापडतात. खडीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी उघड्यावरच असतात. मोबाइलवर फोटो निघतात. टिटव्या ओरडत असतात. सकाळी सहाला हे घडले तर फारसे बिघडत नाही. हेच अकरा वाजता घडले तर त्या चार अंड्यांतले जीव वाचतीलच असे सांगता येत नाही. आणि अकरा वाजता त्याच उन्हात वाकून अंडी शोधणाऱ्या आजोबांचीही खात्री देता येत नाही.

उन्हाळ्यात समुद्रकिनारी पक्षी पाहत फिरणे हा कमी खर्चाचा, सगळ्या वयांना जमणारा छंद आहे. त्याचे फायदे आहेत आणि काही धोकेही. गंमत अशी, की चालणाऱ्याच्या प्रकृतीला जे बरे, तेच बहुतेक वेळा पक्ष्यालाही बरे असते. कधी चालायचे, कुठून चालायचे आणि किती लांबून पाहायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे दोघांसाठी एकच निघतात.

एकच ऊन, दोन शरीरे

माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते तिथेच राखण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम वाळला तरच हा उपयोग. कोकणात मे महिन्यात हवेत इतकी वाफ असते, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि क्षार जातात, शरीर मात्र थंड होत नाही. म्हणून नागपूरच्या मानाने कोकणातले तापमानाचे आकडे कमी दिसले, तरी अंगाची तगमग कमी नसते. समुद्राचा वारा लागत असल्याने ऊन जाणवत नाही आणि माणूस आणखी अर्धा तास उन्हात राहतो.

पक्ष्याचे शरीर मुळात आपल्यापेक्षा गरम असते. बहुतेक पक्ष्यांचे तापमान ४० अंशांच्या पुढेमागे राहते. त्यांना घामाच्या ग्रंथी नाहीत. ऊन चढले की पक्षी चोच उघडून धापा टाकतात. पाणकावळ्यांसारखे काही पक्षी गळ्याची सैल त्वचा भराभर थरथरवतात, त्यामुळे आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. दुपारी खडकावर चोच उघडी ठेवून बसलेला पाणकावळा हसत नसतो की गातही नसतो. तो उकाड्याशी झुंजत असतो.

अंड्याला यातले काहीच करता येत नाही. आतल्या गर्भाची वाढ ३७-३८ अंशांच्या आसपास नीट होते. तापमान ४० अंशांच्या वर जाऊन काही काळ तिथेच राहिले, की गर्भ दगावू शकतो. आणि मे महिन्यात दुपारच्या कोरड्या वाळूचा पृष्ठभाग सहज ५० अंशांच्या पुढे जातो. अशा जागी अंडी घालणारी टिटवी उन्हाळ्यात अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. शिवाय ती पाण्याकडे जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसते. टिटवीच्या कुळातले चिखल्याही हीच युक्ती वापरतात. आपल्याकडे तापात कपाळावर ओली पट्टी ठेवतात, तसाच हा उपाय.

आता सकाळचा प्रसंग पुन्हा आठवावा. माणूस जवळ आला की टिटवी अंडी सोडून उठते. माणूस तिथे जितकी मिनिटे उभा राहील, तितकी मिनिटे अंडी उन्हात उघडी. आपण हात लावला नाही, काही मोडले नाही, नुसते पाहिले. तरीही नुकसान होऊ शकते. कोकणात फिरायला येणाऱ्या बहुतेकांना ही गोष्ट माहीत नसते, यात त्यांचा दोष नाही. पण एकदा कळल्यावर टिटवी ओरडू लागताच आल्या वाटेने मागे फिरणे एवढेच करायचे असते.

म्हणून वेळेचा नियम दोघांसाठी एकच. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत फिरावे आणि नऊच्या आत सावलीत परतावे. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचा आणखी एक फायदा आहे. सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे समुद्राकडे पाहताना पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी तोच सूर्य समोर येतो. पक्षी काळी आकृती होऊन जातात आणि दुर्बिणीतून चुकून सूर्याकडे पाहिले गेले, तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. दुर्बीण मुलांच्या हाती देताना ही सूचना पहिली द्यावी.

ओली वाळू कुणासाठी?

किनाऱ्याचे उभे पट्टे पाडले तर तीन दिसतात. पाण्यालगतची ओली घट्ट वाळू, त्यावरची कोरडी भुसभुशीत वाळू आणि त्याच्याही वर मर्यादवेल, केवडा, सुरू यांचा हिरवा पट्टा. जांभळ्या फुलांच्या या वेलीला मर्यादवेल म्हणतात, कारण नेहमीच्या भरतीचे पाणी तिच्यापर्यंत येऊन थांबते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी भरतीच्या रेषेवरची कोरडी, उघडी जागा निवडतात. खाण्यासाठी मात्र ते ओल्या वाळूवर उतरतात.

चालणाऱ्याच्या दृष्टीनेही हे पट्टे वेगळे आहेत. भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते, प्रत्येक पावलाची बरीचशी ताकद वाळू हलवण्यातच जाते. प्रयोगशाळेत मोजले असता, घट्ट जमिनीच्या मानाने मऊ वाळूत चालायला दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, असे आढळले आहे. तरुण आणि निरोगी माणसाला तो चांगला व्यायाम आहे. पण ज्याला हृदयविकार आहे, गुडघे किंवा घोटे दुखतात, किंवा जो वर्षभर खुर्चीत बसून काम करतो, त्याने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी कोरड्या वाळूत तासभर चालू नये. ओली वाळू घट्ट असते, तरीही डांबरी रस्त्याइतकी कठीण नसते.

म्हणजे जागेचा नियमही एकच. पाय ओल्या वाळूत ठेवावेत, कोरडी वाळू घरट्यांसाठी सोडावी. गाड्या तर कुठल्याच वाळूवर नेऊ नयेत. किनाऱ्यावर जीप फिरवण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे. वाळूच्या रंगाची अंडी गाडीत बसलेल्याला दिसणे शक्यच नसते. मोकळे सोडलेले कुत्रेही जमिनीवरच्या घरट्यांचा मोठा शत्रू, मग ते पाळीव असोत की गावातले.

मधुमेहींसाठी एक वेगळी सूचना. वाळूत अनवाणी चालायला सगळ्यांनाच आवडते. पण बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. गरम वाळूने पोळते आहे किंवा कालवाच्या शिंपल्याने कापले आहे, हे त्यांना कळतही नाही. दोन दिवसांनी जखम चिघळलेली दिसते. त्यांनी बंद, मऊ तळाचे बूट घालावेत आणि परतल्यावर दोन्ही पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहावेत.

पाहुणे निघालेले असतात

हिवाळ्यात हर्णै बंदरावर कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवेच्या थवे असतात. मे महिन्यात ते दिसत नाहीत म्हणून अनेकांची निराशा होते. तपकिरी डोक्याचे कुरव तोवर लडाख आणि तिबेटच्या पठाराकडे विणीसाठी परतलेले असतात. मागे राहतात ते थोडे तरुण किंवा अशक्त पक्षी. पण एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला ओल्या वाळूवर वेगळी गंमत असते. हिवाळाभर मातकट दिसणारे वाळूचे चिखल्ये आता छातीवर तांबूस रंग चढवून निघण्याच्या तयारीत असतात. चार पावले धावायचे, थांबायचे, टिपायचे, पुन्हा धावायचे, अशी त्यांची चाल. चिखल्या डोळ्यांनी शोधून टिपतो, तर कोरल पक्षी लांब वाकडी चोच वाळूत खुपसून आतले किडे आणि खेकडे चाचपून काढतो. अशा चाचपणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारे संवेदनबिंदू दाटीने असतात. आपल्या बोटांच्या टोकांसारखेच म्हणा ना.

हे पक्षी त्या दिवसांत अधाशासारखे खातात. कारण पुढचा प्रवास चरबीवर होतो. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे पट्टेरी शेपटीचा गॉडविट. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही तो थोड्या संख्येने येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये या जातीच्या अवघ्या काही महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता पार केले. त्याच्या अंगावर बसवलेल्या उपग्रह यंत्रामुळे हे कळले. अशा उड्डाणापूर्वी गॉडविटच्या शरीरात चरबी प्रचंड वाढते आणि वजन वाचवण्यासाठी आतडी, यकृत यांसारखे अवयव आकाराने लहान होतात. माणसाच्या शरीरात इतकी चरबी साठली, तर हृदयविकार आणि मधुमेह मागे लागतील. पक्षी ती काही दिवसांत जाळून टाकतो.

म्हणूनच वाळूवरचा थवा उडवून फोटो काढणे ही साधी मौज नाही. उडताना पक्षी खर्च करतो ती प्रवासासाठी जमवलेली शिदोरी. सकाळभरात दहा कुटुंबांनी दहा वेळा थवा उडवला, तर खाण्याची अर्धी ओहोटी वाया जाते.

पक्ष्याची लक्षणे वाचा

मग किती लांब राहायचे? याला मीटरमध्ये एक उत्तर नाही. जात, जागा आणि गर्दीची सवय यांनुसार ते बदलते. पण पक्षी स्वतःच सांगतो. रोग्याच्या चेहऱ्यावरून जसे त्रास वाढतोय हे कळते, तसे इथेही लक्षणे ओळखायची असतात. खाता खाता पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, ही पहिली खूण. तिथेच थांबावे. तो खाणे सोडून दुसऱ्या दिशेला चालू लागला, म्हणजे आपण फार जवळ आलो. दोन पावले मागे यावे. ओरडू लागला, डोक्यावरून झेपावू लागला किंवा पंख मोडल्यासारखा लंगडत निघाला, तर घरटे किंवा पिल्ले अगदी जवळ आहेत. लंगडणे हे नाटक असते, शत्रूला घरट्यापासून दूर नेण्यासाठी. त्याच्या मागे जायचे नाही आणि अंडीही शोधायची नाहीत.

दुर्बीण घ्यायची तर ८ × ४२ ची पुरेशी. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि डोके दुखवते.

दुर्बीण नसली तरी बिघडत नाही. किनाऱ्यावर वाचायला पुष्कळ असते. वाळूच्या गोळ्या करणारा खेकडा प्रत्येक कणावरचे सेंद्रिय अन्न चाटून उरलेली वाळू गोळी करून टाकतो. भरती आली की रांगोळी पुसली जाते. खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. हे मासे पाण्याबाहेर ओल्या त्वचेतूनही श्वास घेतात. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा मोठा ढिगारा दिसला, तर ते समुद्रगरुडाचे घरटे असू शकते. कोकणात त्याला काकण म्हणतात. पांढऱ्या पोटाचा हा शिकारी मासे खातो आणि समुद्रसापही उचलून नेतो.

मीठ आणि तहान

मागे राहिलेला एखादा कुरव मधूनच डोके झटकताना दिसतो. नाकपुडीतून थेंब उडतो. त्याला सर्दी झालेली नसते. त्याच्या डोळ्यांच्या वर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रपक्ष्यांतल्या या ग्रंथींचे काम उलगडून दाखवले. या ग्रंथींमुळे समुद्रपक्षी खारे पाणी पिऊन जगू शकतात. समुद्री कासवांत हेच काम डोळ्यांजवळच्या ग्रंथी करतात. किनाऱ्यावर आलेली मादी रडते असे वाटते, ते यामुळे.

माणसाकडे अशी सोय नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. आपले मूत्रपिंड एका लिटर लघवीतून फार तर २० ग्रॅमच्या आसपास मीठ बाहेर टाकू शकते. म्हणजे समुद्राचे पाणी पोटात गेले, तर ते बाहेर काढायला शरीरातलेच पाणी खर्च होते. खेळताना मुलांच्या पोटात थोडे पाणी जाते, त्याने घाबरायचे कारण नाही. पण तहान भागवायला पाणी सोबतच हवे. दोन तासांच्या फेरीला मोठ्या माणसामागे एक लिटर पाणी ठेवावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट प्यावे. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, त्यांना आठवण करून द्यावी.

घाम फार गेला असेल तर ओआरएसचे पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घ्यावे. कोकम सरबत चांगले, पण त्यात मीठ आणि साखर किती हे पाहावे. हृदय कमजोर असलेल्यांनी ओआरएस किंवा मिठाची पेये स्वतःच्या मनाने पिऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

हात मागे

किनाऱ्यावरचे बरेचसे अपघात हात लावल्यामुळे होतात. जाळ्यातून टाकलेला किंवा लाटेने आलेला समुद्रसाप वाळूवर निपचित पडलेला दिसतो. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. तो मेलेलाच असेल असे समजू नये. त्याचा चावा फारसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे काही वेळाने सगळे अंग दुखू लागते, जबडा ताठरतो, लघवी काळपट होते. अशा रुग्णाला पट्टी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. हालचाल न करू देता थेट रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस समुद्रसापांच्या विषासाठी बनवलेली नाही. उपचार श्वास आणि मूत्रपिंड सांभाळण्याचे असतात, म्हणून वेळ महत्त्वाची.

उथळ पाण्यात पाकट मासा वाळूत दडून बसतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालले, तर तो आधीच निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, बऱ्या पायाने तपासावे, नाहीतर भाजते. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे. गोडे पाणी ओतू नये, वाळूने चोळू नये. शंखांचेही तसेच. शंकूच्या आकाराच्या काही जिवंत शंखांतल्या गोगलगायी विषारी असतात आणि रिकाम्या वाटणाऱ्या शंखात एखादा खेकडा बिऱ्हाड करून असतो. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर वन किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

कासवांच्या पिल्लांच्या बाबतीत मोह सर्वांत जास्त. ऑलिव्ह रिडले कासवांची कोकणातली घरटी मुख्यतः हिवाळ्यात होतात आणि शेवटची पिल्ले मेपर्यंत बाहेर येत राहतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे आंजर्ल्यासारख्या गावांतही ते रुजले. पिल्लू नर होणार की मादी, हे इथे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंशांच्या पुढे वाळू तापत गेली, की माद्यांचे प्रमाण वाढते. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि रात्री समुद्राचे क्षितिज हाच त्यांचा उजेड असतो. मोबाइलचा फ्लॅश किंवा रिसॉर्टचा दिवा त्यांना उलट दिशेला नेतो. त्यांना हातात घेऊन फोटो काढणे हा गुन्हा तर आहेच, पण त्यांच्या पहिल्याच प्रवासात आडवे येणेही आहे.

मनाला आणि डोळ्यांना काय मिळते?

पक्षी पाहून आजार बरे होतात, असा दावा करू नये. पण जे अभ्यास झाले आहेत, ते दखल घेण्याजोगे आहेत. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मोबाइल अॅपद्वारे सुमारे १,३०० जणांच्या नोंदी तपासल्या. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास टिकत होता. नैराश्य असलेल्यांतही तो दिसला.

या पाहण्यांना मर्यादा आहेत. ज्यांची प्रकृती मुळात बरी, तेच बाहेर जास्त पडतात, ही शक्यता पुरती वगळता येत नाही. म्हणून नैराश्याची औषधे बंद करून कोणी किनाऱ्याला जाऊ नये. औषधे घेत जावे.

मुलांच्या डोळ्यांबाबत पुरावा जास्त भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे न दिसण्याचा दोष, आला होता. बाहेर खेळवलेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. म्हणजे नातवाच्या हाती मोबाइलऐवजी दुर्बीण देण्याला चांगले कारण आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पक्षी पाहत रेंगाळणे म्हणजे झपाट्याने चालणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. थांबत थांबत केलेली फेरी त्यात धरता येत नाही. सोपा मार्ग असा, की जाताना ओल्या वाळूवरून अर्धा तास झपझप चालावे, धाप लागली तरी बोलता येईल अशा गतीने. परतताना दुर्बीण गळ्यात घालून सावकाश यावे.

टिटवी परत येते तेव्हा

पंचतंत्रात समुद्राने टिटवीची अंडी गिळल्याची गोष्ट आहे. शेवटी समुद्राला ती परत द्यावी लागतात. आज त्याच किनाऱ्यावर अंड्यांना समुद्रापेक्षा माणसाची चाहूल जास्त महागात पडते. आणि मेलेली अंडी परत आणून देणारे कोणी नाही.

पण आंजर्ल्याच्या त्या कुटुंबाला हे सगळे माहीत असते, तर सकाळ अशीही गेली असती. पहिला टाहो ऐकताच सूनबाई हाक मारतात, “अरे, मागे फिर. आलास त्याच वाटेने ये.” तिघे ओल्या वाळूवर उतरून शंभरेक पावले पुढे जातात आणि थांबतात. थोड्या वेळाने टिटवी उतरते. ती थेट घरट्याकडे जात नाही. इकडेतिकडे टिपल्याचे सोंग करत, वळसे घेत जाते. मग दुर्बिणीतून दिसते, की ती पाय किंचित फाकवते, अंगाखाली अंडी सरकवते आणि बसते.

“बसली, आबा!” नातू कुजबुजतो. त्याने अंडी पाहिलेली नसतात. पण अंडी पाहिलेल्या मुलांपेक्षा त्याला जास्त काही दिसलेले असते.

निघण्यापूर्वी

• ओहोटीची वेळ पाहा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या पाऊणपट तासांना भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बारापुढेमागे येते, म्हणून सकाळी सहाला ओली वाळू सर्वांत रुंद मिळते. अष्टमीला नेमके उलटे. तेव्हा पाणी सकाळीच वर असते.

• लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, मानसिक आजारांवरची काही औषधे आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळे उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. गोळ्या बंद करू नका. फिरायची वेळ आणि पाणी यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

• इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज बिस्किटे ठेवावीत.

• रुंद काठाची टोपी, फिक्या रंगाचे सैल सुती कपडे. पक्षी भडक रंगांनीही बिचकतात.

• चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे आले तर सावलीत आडवे व्हा, पाणी घ्या, फेरी तिथेच संपवा.

• माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

• छातीत दुखणे किंवा दडपण, घाम आणि धाप एकत्र आली, तर ऊन लागले असेल म्हणून वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.